व्ही.पी. परत येते, पैसे अडकतात : पोस्टाच्या कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

मसाले-पापड करणारा बचत गट असो, कोल्हापुरातला चपलांचा दुकानदार असो किंवा दिवाळी अंकाचा प्रकाशक असो, "पोस्टाने व्ही.पी. करा" म्हटले की ठरलेल्या तक्रारी ऐकू येतात. व्ही.पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल : पोस्टमन माल दारात देताना पैसे घेतो आणि ते विकणाऱ्याला मिळतात. तक्रारी अशा : गिऱ्हाईक ऐन वेळी घेत नाही. पैसे कधी हातात पडतील त्याचा भरवसा नाही. खोके चेपून येते. वरचे कमिशन गिऱ्हाइकाला जड जाते. उघडून दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही म्हणतात.

या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यांतल्या बऱ्याचशा पार्सल काउंटरवर पोचण्याआधीच जन्माला आलेल्या असतात : कच्च्या ऑर्डरीत, अर्धवट पत्त्यात, वहीत राहून गेलेल्या नोंदीत. पोस्ट तुमच्या वतीने पैसे गोळा करते. ऑर्डर पक्की आहे की नाही हे पाहणे विकणाऱ्याचे काम आहे, आणि ते नीट केले तर व्ही.पी. आजही लहान व्यापाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. खाजगी कुरिअर जिथे "आमची सेवा तिकडे नाही" म्हणून थांबते, तिथेही पोस्टमन जातो.

कायदा काय सांगतो, ते आधी समजून घ्या

भारतात व्हॅल्यू पेएबल पोस्ट १८७७ मध्ये सुरू झाली. १८९८ च्या टपाल कायद्यातील कलम ३४ मध्ये तिचा पाया स्पष्ट होता : पाठवणाऱ्याने सांगितलेली रक्कम बटवड्याच्या वेळी वसूल करून त्याला द्यायची, मात्र ती रक्कम प्रत्यक्ष घेणाऱ्याकडून हाती येईपर्यंत सरकारवर तिची कोणतीही जबाबदारी नाही. कलम ३५ ने आणखी एक अट घालण्याची मुभा दिली होती. पार्सल खऱ्या मागणीवरूनच पाठवत आहे, असे पाठवणाऱ्याने लिहून द्यायचे. न मागवलेल्या वस्तू लोकांच्या गळ्यात मारून पैसे उकळण्याचा धंदा होऊ नये, म्हणून ही अट. जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आहे, पण व्यापाऱ्याने या दोन गोष्टी अजूनही पक्क्या धरून चालावे. पैसे वसूल होईपर्यंत धोका तुमचा, आणि ऑर्डरीचा पुरावा तुमच्याकडे हवा.

व्यवहारात दोन वाटा आहेत. एक काउंटरवरची व्ही.पी., म्हणजे अधूनमधून पाच-दहा पार्सले पाठवणाऱ्यासाठी. दुसरी पोस्टाशी करार करून घ्यायची कॅश ऑन डिलिव्हरी, रोज माल पाठवणाऱ्यासाठी. लोकांच्या तोंडी दोन्हींना व्ही.पी.च म्हणतात, पण पैसे येण्याची रीत आणि आकार (म्हणजे शुल्क) वेगळे असतात. शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला जुना दरतक्ता काढून टाका. दर, वजनाची मर्यादा आणि वसुलीच्या रकमेची मर्यादा ज्या कार्यालयातून पाठवणार तिथूनच ताजी लिहून आणा.

"परत आलेली व्ही.पी. नफा खाऊन टाकते"

ही सगळ्यांत मोठी तक्रार आहे, आणि ती तोंडी न करता कागदावर मांडली पाहिजे. समजा वस्तूची विक्री किंमत ६०० रुपये, खरेदी किंवा बनवण्याचा खर्च ४२०, टपालखर्च ८० आणि पॅकिंग १२. व्ही.पी. सुटली, म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे देऊन घेतली, तर हातात राहतात ८८ रुपये. परत आली तर टपालाचे ८० आणि पॅकिंगचे १२ गेले, आणि माल हाताळून जुना झाला त्याचे ३० धरा. म्हणजे १२२ रुपये तोटा. एक परत आलेली व्ही.पी. जवळजवळ दीड सुटलेल्या व्ही.पी.ची कमाई घेऊन जाते.

आता शंभर पार्सले धरा. वीस परत आली तर ८० गुणिले ८८ म्हणजे ७,०४०, त्यातून २० गुणिले १२२ म्हणजे २,४४० वजा. उरले ४,६००. तीस परत आली तर २,५०० उरतात. बेचाळीसच्या आसपास परत आली की हातात काहीच राहत नाही. तुमचे स्वतःचे आकडे घालून हे गणित एकदा करा आणि तो शेवटचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या आकड्याच्या निम्म्यावर परतीचे प्रमाण गेले की नव्या ऑर्डरी घेणे थांबवून कारण शोधायचे. परत येणाऱ्या पार्सलाचे शुल्क लागते का, किती लागते, हे करारात किंवा काउंटरवर आधीच विचारा. लागत असेल तर ते १२२ मध्ये मिळवा.

तोटा कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे थोडी आगाऊ रक्कम. वरच्या उदाहरणात १०० रुपये यूपीआयने आधी घेतले आणि व्ही.पी. ५०० ची केली, तर परत आल्यावरचा तोटा १२२ वरून २२ वर येतो. त्याहून मोठा फायदा असा की ज्याला घ्यायचेच नाही तो १०० रुपये देत नाही, आणि ती ऑर्डर तिथेच गळते. पार्सल नाकारल्यास ही रक्कम परत मिळणार नाही, असे आधी स्पष्ट लिहून कळवा. न सांगता ठेवून घेतलेले शंभर रुपये पुढच्या दहा ऑर्डरी घालवतात. ज्या जुन्या गिऱ्हाइकाने दोन-तीन व्ही.पी. विनातक्रार सोडवल्या आहेत, त्याच्याकडून आगाऊ मागू नका. त्याला तो अपमान वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

परत आलेल्या पार्सलावरचा शेरा वाचा

परत आलेले खोके आले की ते फोडून माल फडताळात ठेवायचा आणि खोके रद्दीत टाकायचे, ही सवय मोडा. खोक्यावर किंवा ट्रॅकिंगमध्ये पोस्टमनचा शेरा असतो. नुकसान कोणत्या टप्प्यावर झाले ते त्या शेऱ्यावरून कळते, आणि प्रत्येक शेऱ्याचा उपाय निराळा आहे.

"घेण्यास नकार" : गिऱ्हाइकाने मन बदलले, रक्कम अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, किंवा ऑर्डर घरातल्या दुसऱ्याने दिली होती. बहुतेकदा कारण रक्कमच असते. तुम्ही फोनवर ५०० सांगितलेले असतात आणि दारात ५२५ मागितले जातात. वसूल झालेली रक्कम तुम्हाला मनीऑर्डरीने येते. मनीऑर्डरीचे कमिशन दर २० रुपयांना किंवा त्याच्या भागाला १ रुपया या हिशेबाने धरतात आणि जुन्या पद्धतीच्या व्ही.पी.त ते घेणाऱ्याकडून वसूल होते. म्हणून फोनवर नेहमी दारात द्यायची रक्कमच सांगा. थोडे गणित केले तर ही रक्कम गोल करता येते. व्ही.पी. ४७६ रुपयांची केली तर कमिशन २४ आणि दारात बरोबर ५००. ९५२ ची केली तर कमिशन ४८ आणि दारात बरोबर १,०००. एक-दोन नोटा काढून देता येईल अशी रक्कम असली की पोस्टमनला सुटे शोधावे लागत नाहीत आणि "सुटे नाहीत, उद्या या" हा प्रसंग टळतो. वसुलीची रक्कम पूर्ण रुपयांतच ठेवा.

"दार बंद" किंवा "सूचना दिली", आणि त्यानंतर "मुदतीत उचलले नाही" : यात नकार नाही, चुकामूक आहे. सूचना दिल्यावर व्ही.पी. साधारण सात दिवस बटवडा करणाऱ्या पोस्टात थांबते आणि मग परत निघते. मोठे खोके पोस्टमन सायकलवर नेत नाही, फक्त सूचनेची चिठ्ठी देतो, आणि घेणाऱ्याला खिडकीवर जावे लागते. गावातले शाखा डाकघर दिवसातून चार-पाच तासच उघडे असते. शेतावर गेलेला माणूस त्या वेळात येऊ शकत नाही. उपाय असा : ट्रॅकिंगमध्ये पार्सल बटवड्याच्या पोस्टात पोचलेले दिसले की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन किंवा व्हॉट्सअॅप करा. पोस्टाचे नाव, पार्सलाचा क्रमांक, द्यायची रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत पार्सल थांबेल, एवढेच लिहा. चौथ्या दिवशी पुन्हा फोन करा. तक्रारी करणारे बहुतेक व्यापारी हा दुसरा फोन करत नाहीत.

"पत्ता अपुरा", "इसम आढळला नाही" : यात दोष सरळ तुमचा. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

"पत्ता सोडून गेले" : नोकरीच्या गावी, वसतिगृहात किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या बाबतीत हे घडते. अशा गिऱ्हाइकाला "पुढचे पंधरा दिवस याच पत्त्यावर आहात ना?" असे आधीच विचारा.

महिन्याच्या शेवटी सगळे शेरे एका कागदावर मोजा. नकार जास्त असतील तर ऑर्डर घेण्याची पद्धत बदला. "उचलले नाही" जास्त असतील तर फोन वाढवा. पत्त्याचे शेरे जास्त असतील तर ऑर्डर लिहून घेणाऱ्याला शिकवा. हे न करता "पोस्ट चांगले नाही" म्हणून कुरिअर बदलले तर तोच तोटा वेगळ्या पावतीवर दिसतो.

ऑर्डर पक्की कशी करायची

ऑर्डर आली की लगेच पार्सल बांधू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फोन करा आणि चार गोष्टी गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्या : वस्तू आणि नग, दारात द्यायची रक्कम, पूर्ण पत्ता पिनकोडसह, आणि घरी पैसे देणारे कोण असेल. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. ऑर्डर मुलीने दिली आणि दारात आजोबा उभे असले तर ते पाचशे रुपये कशाला देतील? मुलीने घरी सांगून ठेवलेले असले पाहिजे. फोन झाल्यावर तेच सगळे व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि "हो" असे उत्तर मागा. ते उत्तर म्हणजे खऱ्या मागणीचा पुरावा. तक्रार उद्भवली तर तोच दाखवता येतो, म्हणून निदान सहा महिने जपून ठेवा. तीन फोनला उत्तर नाही, मेसेजला उत्तर नाही, अशी ऑर्डर पाठवायची नाही.

पाठवण्याची वेळही पाहा. पगारदार गिऱ्हाइकाचे पार्सल महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पोचेल असे बेता. गणपतीत चाकरमानी कोकणात असतात, त्या आठवड्यात मुंबईच्या पत्त्यावर व्ही.पी. पोचली तर सात दिवस दाराला कुलूप पाहून ती परत येते. दिवाळी अंकांचे उलट आहे. ते दिवाळीच्या आधी पोचलेच पाहिजेत, नंतर नकार वाढतात. लागून सुट्ट्या येत असतील तर आधी दोन दिवस माल रोखून धरणे परवडते.

पत्ता : मु. आणि पो. यांतला फरक

आपल्याकडे खेड्याचा पत्ता मु. पो. ता. जि. असा लिहितात. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव किंवा वाडी, पोस्ट म्हणजे जिथल्या डाकघरातून टपाल येते ते गाव. दोन्ही एकच असतील तर "मु. पो." जोडून लिहितात. वेगळी असतील तर वेगळीच लिहिली पाहिजेत. फोनवर गिऱ्हाईक फक्त आपल्या वाडीचे नाव सांगते, लिहिणारा सवयीने पुढे "मु. पो." लावतो, आणि पार्सल त्याच नावाच्या दुसऱ्या गावाकडे जाते. महाराष्ट्रात एकाच नावाची गावे किती तरी आहेत. म्हणून विचारायचे असे : "तुमच्या गावात पोस्ट आहे का? नसेल तर टपाल कोणत्या गावाहून येते?"

पिनकोड गिऱ्हाइकाने सांगितलेला जसाच्या तसा लिहू नका, पोस्टाच्या वेबसाइटवर गावाच्या नावाने तपासा. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले. पहिला अंक विभागाचा : महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. सांगलीचे गिऱ्हाईक आणि पिनकोड ५ ने सुरू, असे दिसले तर तिथेच थांबा. पार्सलाची छाननी पिनकोडवर होते. त्यातला एक अंक चुकला की आठवडा गेला, आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाचा उत्साहही ओसरतो.

लेबलावर दोन मोबाइल क्रमांक लिहा, एक घेणाऱ्याचा आणि एक घरातल्या दुसऱ्याचा. पाठवणाऱ्याचा पत्ताही तेवढाच पूर्ण हवा. व्ही.पी.ची रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहा, खाडाखोड करू नका. खाडाखोड असलेले पार्सल काउंटरवर घेत नाहीत, आणि घेऊही नये. पत्त्याची दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत मालावर ठेवा. पावसात बाहेरचे लेबल भिजून निघाले तर तिच्यावरून पार्सल मार्गी लागते.

"पैसे कधी येतात ते कळतच नाही"

ही तक्रार दोन निराळ्या गोष्टींची असते : पैसे खरेच उशिरा येतात, किंवा आलेले पैसे कोणत्या पार्सलाचे ते कळत नाही. दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते. खात्यात ३,४०० जमा झाले, ते कोणकोणत्या सात-आठ पार्सलांचे हे जुळवता आले नाही की एखादी व्ही.पी. महिनोनमहिने हरवलेली राहते आणि तक्रारीची मुदत निघून जाते.

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक पार्सलाला एक ओळ द्या : ऑर्डरीची तारीख, नाव, पिनकोड, पार्सलाचा क्रमांक, वसुलीची रक्कम, पाठवल्याची तारीख, बटवड्याची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, शेरा. रोज संध्याकाळी पावत्यांवरून क्रमांक भरा, दर सोमवारी बटवडा झालेल्या पण पैसे न आलेल्या ओळी वेगळ्या काढा.

क्रमांक हाताने भरताना चुका होतात. त्या पकडण्याची सोय क्रमांकातच आहे. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी 'आयएन'. नववा अंक पहिल्या आठांवरून ठरतो. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, आणि बाकी ११ मधून वजा करा. उत्तर १० आले तर ०, ११ आले तर ५ धरा. उदाहरणार्थ १२३४५६७८ : ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६, बेरीज २०४. अकराने भागून बाकी ६, म्हणून नववा अंक ५. वहीत ५ नसेल तर लिहिताना कुठेतरी अंक उलटसुलट झाला आहे. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवले की चुकीचा क्रमांक भरताच कळतो.

उशिराचे म्हणाल तर भांडवल त्या हिशेबाने बाजूला ठेवावे लागते. रोज १० पार्सले, सरासरी ६०० रुपये, आणि पाठवल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत १५ दिवस धरले तर कोणत्याही क्षणी ९०,००० रुपयांचा माल आणि पैसा वाटेत असतो. एवढी रक्कम फिरवता येत नसेल तर रोजची पार्सले कमी करा किंवा आगाऊ रकमेचा हिस्सा वाढवा. करार करताना हे लेखी घ्या : बटवड्यानंतर किती दिवसांत पैसे, कोणत्या बँक खात्यात, जमा रकमेबरोबर पार्सलांची यादी मिळेल का, आणि चौकशीसाठी नेमके कोणते कार्यालय. यादी मिळणार नसेल तर रोजची पार्सले वाढवण्यापूर्वी दोनदा विचार करा.

वजन, पॅकिंग, मोडतोड

स्पीड पोस्टने हलका पण मोठा माल पाठवताना घनफळाचे वजन लागते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागा. ४० × ३० × २० चे खोके ४.८ किलो धरले जाते, आत दीड किलो पापड असले तरी. म्हणून मालाला बेताचे खोके घ्या, दुकानात पडलेले मोठे खोके वापरून झालेली बचत टपालात दुप्पट जाते.

दोन किलोपर्यंत तीनपदरी पुठ्ठ्याचे खोके पुरते, त्यापुढे किंवा काचेच्या बरण्यांना पाचपदरी घ्या. वरचे-खालचे जोड आणि चारही कडा टेपने बंद करा. बांधून झाल्यावर खोके हलवून पाहा. आत आवाज आला तर रिकामी जागा कागदाने भरा. मग कमरेइतक्या उंचीवरून एकदा कोपऱ्यावर आणि एकदा तळावर पाडून उघडून बघा. नव्या मालाचे हे एकदा तरी केलेच पाहिजे, कारण पोस्टाच्या थैलीत तुमच्या खोक्यावर दुसरी खोकी असतातच. लोणचे, आगळ, तेल यांची झाकणे आतून सील करा, बरणी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घाला आणि भोवती गळती शोषून घेणारा कागद किंवा कापूस ठेवा. एका बरणीचे तेल दुसऱ्यांच्या टपालावर सांडले तर काउंटरवरचा माणूस पुढच्या वेळी तुमचा माल बघूनच मान हलवतो, आणि त्याचे चुकत नाही. पॉवर बँक, अत्तरे विमानाने जाणाऱ्या टपालात घालायची नाहीत, आणि फटाके तर कोणत्याच टपालात नाहीत.

महाग माल विमा उतरवूनच पाठवा. विमा नसलेले स्पीड पोस्ट हरवले तर वर्षानुवर्षांच्या नियमाप्रमाणे भरपाई भरलेल्या आकाराच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतली जी कमी ती. पाच हजारांच्या साडीला तिचा काय उपयोग?

"उघडून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही"

गिऱ्हाइकाचा हा आक्षेप अगदी रास्त आहे. दगड-विटा भरलेली पार्सले लोकांनी सोडवलेली आहेत. पण पैसे देण्याआधी पार्सल फोडू देणे पोस्टमनच्या हातात नाही, म्हणून विश्वास तुम्हीच तयार करायचा. माल काट्यावर ठेवून, खोक्यात भरून टेप लावेपर्यंतचा एक छोटा व्हिडिओ काढा, त्यात लेबल दिसू द्या, आणि बुकिंगच्या दिवशीच गिऱ्हाइकाला पाठवा. पोस्टाच्या पावतीचा फोटोही पाठवा. पावतीवर वजन असते, त्यामुळे हातात आलेले पार्सल तेवढ्याच वजनाचे आहे का ते त्याला पाहता येते. आत बिल आणि एक चिठ्ठी ठेवा : माल चुकीचा निघाला तर किती दिवसांत, कोणत्या क्रमांकावर कळवायचे आणि पैसे कसे परत मिळतील.

फसवणुकीची तक्रार गिऱ्हाइकाने लगेच केली तर वसूल रक्कम पाठवणाऱ्याला न देता रोखण्याची तरतूद जुन्या कायद्यातच होती. अशी चौकशी आली की चिडू नका. ऑर्डरीचे "हो", व्हिडिओ, बिल आणि पावती एकत्र करून त्याच दिवशी लेखी उत्तर द्या. उशीर केला तर पैसे तितके दिवस अडकतात.

गावातल्या दुकानदारांचा आक्षेप

बाहेरचा विक्रेता पोस्टाच्या जोरावर आमचे गिऱ्हाईक पळवतो, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट आणि १ जुलै १९१३ ला त्यावर कॅश ऑन डिलिव्हरी सुरू झाली, तेव्हा लहान गावांतल्या दुकानदारांना शिकागोच्या सिअर्स रोबक, माँटगोमेरी वॉर्ड अशा टपालाने विकणाऱ्या बड्या पेढ्यांची धास्ती होती. ब्रिटनमध्ये दुकानदारांच्या विरोधामुळे देशांतर्गत सेवा १९२६ पर्यंत लांबली. आपल्याकडे ती त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी आली.

गावातल्या दुकानदाराला यातून एकच वाट आहे, आणि ती चांगली आहे. तुमच्या गावची पुण्या-मुंबईला, बडोद्याला, बेळगावला गेलेली माणसे तुमच्याच चटणीची आणि तुमच्याच चपलेची वाट पाहत असतात. त्यांची यादी करा, सणाच्या एक महिना आधी भाव कळवा. ती तुम्हाला नावाने ओळखतात, म्हणून त्यांच्या व्ही.पी. फार कमी परत येतात.

जीएसटीची नोंद

नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिल केलेले पार्सल परत आले तर २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) करायची. ती राहिली तर न झालेल्या विक्रीवर कर भरला जातो. वरच्या वहीत शेऱ्याशेजारी "क्रेडिट नोट क्रमांक" असा एक रकाना वाढवा.

तक्रार कशी करावी

बटवडा झाल्याचे दिसते आणि ठरलेल्या मुदतीत पैसे नाहीत, अशी ओळ सापडली की आठवडाभरात तक्रार करा. तीन महिन्यांच्या आत तर केलीच पाहिजे. तोंडी सांगून येऊ नका. पार्सलाचा क्रमांक, पाठवल्याचे कार्यालय आणि तारीख, वसुलीची रक्कम, घेणाऱ्याचा पत्ता, बटवड्याची तारीख, आणि पावतीची छायाप्रत एवढे असले की अर्ज पूर्ण होतो. बुकिंग केलेल्या पोस्टातच द्या आणि पोच घ्या, किंवा पोस्टाच्या वेबसाइटवर वा १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. गिऱ्हाइकाने पैसे दिल्याची पावती जपली असेल तर तिचा फोटो जोडा, काम निम्मे होते. एका अर्जात एकाच पार्सलाची तक्रार लिहा. दहा पार्सले एकत्र लिहिली तर एकाची माहिती अडली म्हणून नऊ थांबतात. उत्तर आले नाही तर विभागाच्या अधीक्षकांकडे, मग डाक अदालतीत (टपाल खात्याच्या तक्रार-सुनावणीत), आणि शेवटी ग्राहक आयोगाकडे जाता येते. प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच मागतात, म्हणून पार्सलाच्या क्रमांकाप्रमाणे लावलेली एक फाइल ठेवा.